आठ दिवस आधी

'शाश्वत' हा शब्द मी आयुष्यभर दोनच ठिकाणी ऐकला. एक कीर्तनात आणि दुसरा दहावीच्या निबंधांत. "या जगात काहीच शाश्वत नाही" हे वाक्य दर वर्षी निदान दहा उत्तरपत्रिकांत असायचंच! आता सत्तरी उलटल्यावर हाच शब्द मला भाच्याच्या बिलांच्या फायलीत भेटला. 'शाश्वत पुरवठा साखळी.' कीर्तनातून निघून थेट गोदामात आलेला शब्द पाहून मला जरा हसूच आलं.

मी मराठीची बाई. बी. ए. झाले तेव्हा खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, यावरून वयाचा हिशोब तुम्हीच करा. तेव्हा हे सगळं मला जसं समजलं तसं सांगते. माल शेतातून निघून खाणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत जितक्या हातांतून जातो ती साखळी. आणि ती चालवताना पाणी, वीज, डिझेल नि माल फुकट जाऊ नये, पुढच्यांसाठीही काही उरावं, म्हणजे ती शाश्वत. मोठ्या कंपन्यांचं हे काम आता छोट्या धंदेवाल्यांच्या दारातही आलं आहे आणि त्याबरोबर कृत्रिम बुद्धिमत्ताही. लोक तिला नुसतं 'एआय' म्हणतात, मीही तेच म्हणते.

या विषयावर मी लिहायला बसले याचं कारण अगदी घरगुती आहे. माझं माहेर केळी विकत घेणारं आणि सासर केळी विकणारं! भावाचा मुलगा जळगावला केळी पिकवून विकतो. त्याच्या थंड खोल्या आहेत, त्याला तो 'रायपनिंग चेंबर' म्हणतो. माझे धाकटे दीर यावल तालुक्यात केळी लावतात. लग्नात दोन्हीकडची मंडळी एका पंगतीला बसते, पण भावाचा विषय निघाला की दोन बाजू होतात. मी मधे.

जळगावच्या केळीबद्दल खानदेशी माणसाला काही सांगायला नको. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. केळं झाडावर पिकू देत नाहीत. घडातल्या केळ्यांच्या कडा गोल व्हायला लागल्या की घड हिरवाच कापतात. मग तो सोळा ते अठरा अंशांच्या खोलीत ठेवून थोडा इथिलीन वायू सोडतात आणि चार-पाच दिवसांत तो एकसारखा पिवळा होतो. (कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, भाचा त्याच्या वाटेला जात नाही.) खोली फार थंड झाली, तेरा अंशांच्या खाली गेली, तर साल काळी पडते. आणि एकदा का माल पिकून बाहेर आला, की तीन-चार दिवसांत विकलाच पाहिजे. आमच्या मे महिन्यात तर त्याहूनही लवकर.

म्हणजे बघा, आज कापलेलं केळं धुळ्याच्या हातगाडीवर जाईपर्यंत आठवडा होतो. आज कापायचं ते आठ दिवसांनंतरच्या भुकेचा अंदाज बांधून. अंदाज चुकला की एक तर गिऱ्हाईक परत जातं, नाही तर माल गुरांपुढे जातो. धंद्याचं सगळं मर्म इथे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं होतं, की जगातलं सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर, दुकानात पोचायच्या आतच वाया जातं. मला हा आकडा वाचून यावल-रावेरच्या विहिरी आठवल्या. केळीला वर्षभर पाणी लागतं. आमच्याकडे ठिबक आलं, तरी बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते. गुरांपुढे टाकलेल्या एका घडात वर्षभराचं पाणी असतं, खत असतं, मजुरी असते, खोलीची वीज असते आणि जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटरचं डिझेल असतं. तेव्हा 'शाश्वत' या शब्दाला हसणं मी बंद केलं.

भाच्याने २०२३ मध्ये एका इंजिनियर मुलाकडून एक प्रोग्राम करून घेतला. त्याचे दर महिन्याला पैसे भरतो. त्यात जुनी बिलं भरली, रोजचं तापमान भरलं, आणि यंत्राने त्यातून काही एक ठेका शोधायचा, पुढच्या आठवड्यात कुठल्या गावाला किती कॅरेट लागतील ते सांगायचं. यात जादू काही नाही. आमच्या शाळेचे जुने शिपाईदादा पावसाळी हवा पाहून "आज निम्मी पोरं येतील" असं सांगायचे आणि ते बहुतेक बरोबर यायचं. यंत्र तेच करतं, फक्त हजारो बिलं एकदम डोळ्यांसमोर ठेवून करतं.

पण पहिल्याच वर्षी त्याची फजिती झाली. यंत्राकडे २०२२ ची बिलं होती, त्या वर्षी श्रावण जुलैच्या अखेरीस लागला होता. उपवासाची केळी तेव्हापासून वाढलेली. यंत्राने २०२३ मध्येही जुलैच्या अखेरीला भरपूर माल सांगितला. आणि २०२३ ला श्रावण होता अधिक! १८ जुलैला लागला तो अधिक श्रावण, निज श्रावण आला १७ ऑगस्टला. केळी पिकून तयार, आणि उपवास करणारे अजून महिनाभर लांब. धुळ्याचा एक हातगाडीवाला भाच्याला म्हणाला, "भाऊ, मशीनले एकादस समजस का?"

मला हा प्रश्न फार आवडला. कारण त्याचं उत्तर मला येत होतं. मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या यंत्राला पंचांग कोणी शिकवलं आहे का?" आखाजीचंच घ्या. अक्षय्य तृतीया २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये १० मे रोजी आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला. आमच्याकडे आखाजीला घरोघरी आंब्याचा रस निघाला की केळ्याकडे कोण बघतं? इंग्रजी तारखेवर चालणाऱ्या यंत्राला ही घसरण दर वर्षी वेगळ्याच आठवड्यात दिसणार आणि ते गोंधळणार. रमजानचंही तसंच, तो दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो, आणि धुळ्यात रोजा सोडताना केळ्याला मोठी मागणी असते. ते त्या हातगाडीवाल्यानेच तपशिलाने सांगितलं.

मग मी चष्मा लावून बसले. जुनी बिलं, जुनी कालनिर्णयं आणि एक वही. प्रत्येक बिलापुढे तिथी, सण, एकादशी, रमजानचा कितवा रोजा, लग्नाची दाट तिथी, असं सगळं लिहून काढलं. तीन महिने लागले. भाच्याच्या मुलीने ते कॉम्प्युटरमध्ये भरलं. पुढच्या श्रावणात अंदाज बराच जवळ आला. पेपर तपासण्याची सवय अशी कामाला आली म्हणायची! यातून मला एक कळलं. यंत्र हुशार असेल, पण त्याला आपण जेवढं सांगू तेवढंच जग असतं. आणि सांगण्यासारखं पुष्कळसं इथल्याच माणसांच्या डोक्यात असतं, कागदावर कधी उतरलेलंच नसतं.

हे एकट्या केळीचं नाही. कापसाचं पाहा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कापूसवाल्यांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने एक ॲप केलं. शेतात कामगंध सापळा लावायचा, त्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो मोबाईलवर काढायचा, ॲप ते पतंग मोजून फवारणी करावी की नाही ते सांगतं. अकारण एक फवारणी वाचली तरी शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि जमिनीत विषही कमी जातं. तिकडे बारामतीला उसावर असे प्रयोग झाले. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने शेतीतल्या एआयचं वेगळं धोरणच मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांचं. तेव्हा हे वारं आता थांबणारं नाही.

आणि आमच्या भागाला धंद्यातलं डोकं नवं नाही. आज जगभर संगणकाचा धंदा करणारी विप्रो कंपनी कुठे सुरू झाली? आमच्या अमळनेरला! २९ डिसेंबर १९४५ ला, 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावाने, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. तेल काढून जे उरायचं त्यातून कपड्यांचा '७८७' साबण व्हायचा. उरलेलं टाकायचं नाही, त्याचंच काही तरी करायचं. तेव्हा त्याला शाश्वत म्हणत नव्हते इतकंच.

आता मूळ गोष्टीकडे येते.

२०२५ ची आखाजी झाली. यंत्राने भाच्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की आखाजीनंतरच्या आठवड्यात धुळ्याची मागणी बरीच खाली येईल. पंचांग शिकवल्यामुळे ते आता त्याला कळत होतं. म्हणजे पाहा, माझ्याच वहीचा प्रताप! भाच्याने त्याप्रमाणे आपली खरेदी आखली. माझ्या दिरांचा बाग त्याच दिवसांत कापणीला आलेला. त्यांनी मजूर सांगून ठेवले, गाडीची वाट पाहिली. आदल्या रात्री भाच्याचा फोन गेला, "काका, या खेपेला निम्माच माल घेईन."

केळी हे काही सोनं नव्हे, की भाव नाही तर कपाटात ठेवू. घड तयार झाल्यावर फार तर आठवडाभर मागेपुढे करता येतं. त्यात मे-जूनमधलं वादळ. एका संध्याकाळच्या वाऱ्यात उभा बाग आडवा झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. दिरांनी उरलेला माल दुसऱ्या व्यापाऱ्याला, त्याने म्हटलेल्या भावात देऊन टाकला. अशा वेळी घेणाऱ्याला कळतंच, की याला आज विकल्यावाचून गत्यंतर नाही.

पुढे कोणाच्या तरी बोलण्यातून दिरांना कळलं, की भाच्याला ही घसरण आठ दिवस आधीच दिसली होती. ते माझ्याकडे आले. ते आवाज चढवणारे गृहस्थ नाहीत. चहा तसाच ठेवून म्हणाले, "वहिनी, भाव पडला त्याचं दुःख नाही, तो पडतोच. पण त्याला आठ दिवस आधी माहीत होतं. त्या आठ दिवसांत रोज आमचा फोन होत होता. मी आधी चार दिवस निम्मा बाग कापून दुसरीकडे दिला असता."

मी काय बोलणार? भाच्याला बोलावलं. त्याचीही बाजू होती, आणि ती खोटी नव्हती. तो म्हणाला, "आत्या, तो अंदाज आहे गं, पंचांगातली तिथी नव्हे. मी सांगितलं आणि चुकलं तर काका मलाच धरतील. शिवाय ही गोष्ट दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या कानावर गेली की माझा फायदा काय? प्रोग्रामचे पैसे मी भरतो." थोडं थांबून म्हणाला, "आणि व्यापाऱ्याने काय सगळं शेतकऱ्याला सांगून धंदा करायचा?"

हा शेवटचा प्रश्न काही एआयमुळे निर्माण झालेला नाही. बऱ्हाणपूरच्या लिलावात काय चाललं आहे हे व्यापाऱ्याला आधी आणि शेतकऱ्याला नंतर कळायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. मोबाईल आले तेव्हा वाटलं आता हे अंतर गेलं. भाव दोघांनाही एकाच वेळी कळायला लागला. आणि आता हे यंत्र आलं. आजचा भाव दोघांना कळतो, पण उद्याचा एकालाच! अंतर गेलं नाही, ते फक्त आठ दिवस पुढे सरकलं.

मी भाच्याला एवढंच विचारलं, की तुझं यंत्र शिकलं कशावर? बिलांवर. त्या बिलांत काय आहे? काकांनी कुठल्या दिवशी किती घड कापले, वजन किती भरलं, किती माल खराब निघाला. हातगाडीवाल्याने सांगितलेले रोजे आहेत. माझ्या तिथ्या आहेत. पैसे तू भरलेस हे कबूल, पण शहाणपण तर सगळ्यांकडून गोळा केलंस. मग त्यातून जे निघालं ते एकट्याच्या खिशात कसं? आणि तू शाश्वत साखळी म्हणतोस ना, मग शेतकरी बाग मोडून हरभरा पेरायला लागला तर तुझ्या थंड खोल्यांत काय पिकवशील?

तो गप्प बसला. पटलं असं म्हणाला नाही. आमच्या घरातली माणसं पटलं तरी तसं म्हणत नाहीत.

पण पंधरा दिवसांनी त्याने एक केलं. ज्या बारा-चौदा शेतकऱ्यांकडून तो नेहमी माल घेतो, त्यांचा मोबाईलवर एक गट केला. दर शनिवारी त्यावर लिहितो, पुढच्या आठवड्यात मला इतके ते इतके कॅरेट लागतील. एक आकडा नाही, 'इतके ते इतके'. वर मोठ्या अक्षरांत 'अंदाज'. हा शब्द मी घालायला लावला. आणि आणखी एक अट घातली. गेल्या शनिवारी काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात किती घेतलं, हेही खाली लिहायचं. मुलांना प्रगतिपुस्तक देतो, मग यंत्राला का नको? चार वेळा चुकलेलं दिसलं की माणूस त्यावर डोळे मिटून विसंबणार नाही, आणि बरोबर आलेलं दिसलं की उगाच घाबरणारही नाही.

यातून सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. काही व्यापाऱ्यांनी भाच्याला टोमणे मारले. दोन शेतकऱ्यांनी अंदाज वाचून माल दुसऱ्याला दिला, भाच्याची गाडी अर्धी भरून गेली. दिरांनी अजून त्याच्याशी पहिल्यासारखं मनमोकळं बोलणं सुरू केलेलं नाही, पण शनिवारचा निरोप आधी तेच उघडतात, हे त्यांच्या सुनेने मला सांगितलं. कापणी आता एकदम न करता दोन-तीन टप्प्यांत होते. भाच्याच्या मागच्या अंगणात गुरांसाठी पडणारा ढीग लहान झाला आहे, हे मात्र मी स्वतः पाहिलं.

माझ्या एका विद्यार्थ्याची जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहे. तो मधे भेटायला आला तेव्हा एक इंग्रजी फॉर्म घेऊन आला होता. तो ज्या मोठ्या कंपनीला डाळ देतो तिने पाठवलेला. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि समाजाबद्दलचा अहवाल द्यावा लागतो. मग त्या आपल्याला माल देणाऱ्यांनाही विचारतात. वीज किती, पाणी किती, चुनी-भुसा कुठे जातो, कामगारांना सुरक्षेची साधनं आहेत का. त्याने एआयकडूनच तो मराठीत करून घेतला होता आणि मला म्हणाला, "बाई, मराठी बरोबर आहे का बघा." मराठी जरा ताठ होती, पण अर्थ लागत होता. पूर्वी अशा फॉर्मसाठी तो नाशिकच्या सल्लागाराला पैसे मोजायचा. छोट्या धंदेवाल्याला ही मोठीच सोय झाली, ती मी नाकारत नाही.

तो फॉर्म मी शिक्षकी सवयीने शेवटपर्यंत वाचला. प्रश्न चांगले होते. पण एक प्रश्न त्यात मला सापडला नाही. तुम्हाला पुढचं जे आधी कळतं, ते तुम्ही ज्याच्याकडून माल घेता त्याला कधी सांगता?

भाचा तरी घरातला आहे. त्याला बोलावून चहा देता आला, दोन शब्द सुनावता आले. उद्या त्याच्यापेक्षा शंभरपट मोठे खरेदीदार शंभरपट मोठी यंत्रं घेऊन येतील, त्यांना एक महिना आधी दिसेल. तिथे वहिनी कोण आणि आत्या कोण? सरकारने आता धोरण केलंच आहे, तर त्यात हाही एक मुद्दा असावा असं मला वाटतं. तसंच शेतकऱ्यांनी स्वतःच्या कंपन्या करून अशी यंत्रं आपल्याकडेही आणावीत. नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांचीच कंपनी मोठी करून दाखवली आहे, तेव्हा हे अगदीच अशक्य नाही.

बाकी, या विषयातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. तुमच्यापैकी कोणी शेतकरी असेल, कोणी व्यापारी असेल. तुमच्या गावात उद्याचा अंदाज आधी कोणाला कळतो, आणि तो पुढे सांगतो का, एवढं जरा पाहा.

मला आता उठायला हवं. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय घेऊन भाच्याची मुलगी आली आहे, आणि तिला एकादशा लिहून हव्या आहेत.